वाचक विचारतात : क्यूब आणि त्याचे सव्वीस तुकडे

मागच्या अंकात स्प्रिंगच्या ताणाबद्दल लिहिताना मी उदाहरण म्हणून रुबिक क्यूबच्या, म्हणजे त्या सहा रंगी फिरत्या ठोकळ्याच्या, स्क्रूचं नाव घेतलं. या महिन्यात पाकिटं फोडायला बसलो तर क्यूबच्याच पत्रांचा ढीग. आधीच सांगून ठेवतो, मी वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये हयात घालवलेला माणूस. क्यूब हातात आला तो रिटायर झाल्यावर, नातीच्या खेळण्यांच्या टोपलीतून. तेव्हा उत्तरं फिटरची आहेत, चॅम्पियनची नाहीत.

प्रश्न : नमस्कार भाऊ. वय ६१. माझे दोन्ही नातू क्यूब खटाखट सोडवतात. मी पांढरी बाजू पूर्ण करते, पण दुसरी बाजू करायला गेले की पहिली मोडते. व्हिडिओ बघते, तर तो मुलगा इतक्या घाईत बोलतो की मी थांबवेपर्यंत तिसऱ्या पायरीवर पोचलेला असतो. या वयात जमेल, की नाद सोडून देऊ? (नेरूळ)

उत्तर : ताई, वयाचं आधी मिटवू. क्यूब ज्यांनी बनवला ते एर्नो रुबिक बुडापेस्टमध्ये इंटिरियर डिझाइन शिकवायचे. १९७४ साली त्यांनी लाकडाचा नमुना केला, फिरवून बघितला, रंग विस्कटले, आणि ते जागेवर आणायला त्यांना साधारण महिना लागला. वय होतं २९. स्वतःच्या हाताने बनवलेली वस्तू, तरी महिना. बरं, त्यांना विचारायला घरात नातू नव्हते.

आता तुमचं दुखणं. तुम्ही पांढरी ‘बाजू’ पूर्ण करता, तिथेच घोटाळा होतो. क्यूब बाजू-बाजूने सुटत नाही, थराथराने सुटतो. त्याआधी हातात काय आहे ते नीट बघा. बाहेरून ५४ रंगीत चौकोन दिसतात, पण तुकडे २६ च आहेत. बाजूंचे ६ मधले तुकडे, दोन रंगांचे १२ कडेचे आणि तीन रंगांचे ८ कोपरे. मधले सहा आतल्या सांगाड्याला स्क्रूने धरलेले असतात. ते जागच्या जागी गरगरतात, जागा सोडत नाहीत. म्हणून नेहमीच्या क्यूबवर पांढऱ्यासमोर पिवळा, निळ्यासमोर हिरवा आणि लालसमोर नारिंगीच राहणार. कुठली बाजू कोणाची, हे मधला तुकडा ठरवतो.

पांढरा-लाल कडेचा तुकडा घ्या. त्याचं घर एकच, पांढऱ्या आणि लाल मधल्याच्या बेचक्यात. तुमच्या पूर्ण झालेल्या पांढऱ्या बाजूवर तो बहुतेक हिरव्याशेजारी बसलेला असेल. वरून सगळं पांढरंशुभ्र, पण भाडेकरू दुसऱ्याच्या खोलीत. मग पुढे गेलात की त्याला हलवावं लागणारच.

म्हणून सुरुवात पांढऱ्या अधिकाने, म्हणजे + चिन्हाच्या आकाराने, करायची. सोपी युक्ती अशी की पिवळा मधला वर धरायचा आणि त्याच्याभोवती चार पांढऱ्या पाकळ्या आणायच्या. याला मुलं डेझी म्हणतात. इथे फॉर्म्युला, म्हणजे पाठ केलेली वळणांची मालिका, लागत नाही, अर्धा तास खटपट केली की जमतं. मग एकेक पाकळी घेऊन तिचा बाजूचा रंग खालच्या मधल्याशी जुळेपर्यंत वरचा थर फिरवायचा. जुळला की ती बाजू दोनदा वळवून पाकळी खाली उतरवायची. चारही उतरल्या की तळाशी पांढरं अधिक तयार, आणि चारही तुकडे आपापल्या घरी.

इथून पुढे चार मूव्ह, म्हणजे पाव-पाव फेऱ्याची चार वळणं, हाताला शिकवा. उजवी बाजू वर, वरचा थर डावीकडे, उजवी खाली, वरचा थर उजवीकडे. आधी नातवाकडून क्यूब सोडवून घ्या आणि सुटलेल्या क्यूबवर हे चार मूव्ह सलग सहा वेळा करा. मध्ये सगळं विस्कटेल, सहाव्या फेरीला क्यूब पुन्हा जसाच्या तसा. टीव्हीवर मालिका चालू असताना हेच करत बसा. मोजणं बंद होऊन बोटं आपोआप चालली पाहिजेत. घाईच्या व्हिडिओतून हे येत नाही. बाकी, व्हिडिओचा वेग अर्धा करता येतो. नातवाला ते सेटिंग दाखवायला सांगा.

आता कोपरे. पांढरं तळाशीच ठेवा. पांढरा असलेला कोपरा वरच्या थरात शोधा आणि त्याच्या घराच्या बरोबर वर, समोर उजव्या हाताला आणा. मग तेच चार मूव्ह, कोपरा पांढरं खाली करून बसेपर्यंत. एकदा, तीनदा किंवा फार तर पाचदा. चार कोपरे झाले की पहिला थर पूर्ण, आणि या वेळी बाजूचे रंगही जुळलेले.

मधल्या थरातही तेच कामाला येतात. वरच्या थरातला, पिवळा नसलेला कडेचा तुकडा घ्या आणि त्याचा समोरचा रंग समोरच्या मधल्याशी जुळवा. त्याला उजवीकडे बसवायचं असेल तर वरचा थर एकदा डावीकडे ढकला, उजव्या हाताचे चार मूव्ह करा, मग अख्खा क्यूब वळवून उजवी बाजू समोर घ्या आणि आरशातले चार मूव्ह डाव्या हाताने : डावी वर, वरचा उजवीकडे, डावी खाली, वरचा डावीकडे. तुकडा डावीकडचा असेल तर हेच सगळं उलटं.

दोन थर झाले की वर पिवळं अधिक. समोरची बाजू घड्याळाच्या काट्यांप्रमाणे एकदा, मग तेच चार मूव्ह, मग समोरची उलट. पिवळी रेघ दिसत असेल तर ती आडवी धरा. काटकोन असेल तर त्याचे दोन हात मागे आणि डावीकडे. असं फार तर तीनदा करावं लागतं. त्यानंतर अधिकाचे तुकडे आणि कोपरे आपापल्या जागी न्यायला दोन नवे फॉर्म्युले आहेत. ते क्यूबच्या डब्यातल्या कागदावर असतात, नाहीतर नातू लिहून देतील. पाठ करण्यासारखं नवं खरं म्हणजे एवढंच.

शेवटी पिवळे कोपरे जागेवर असतात, पण वाकडे. इथे माणसं रडकुंडीला येतात म्हणून सावकाश सांगतो. पिवळं वरच. वाकडा कोपरा समोर उजवीकडे आणा. उजवी खाली, तळाचा थर डावीकडे, उजवी वर, तळ उजवीकडे. हे दोनदा किंवा चारदा, पिवळा वर येईपर्यंत. क्यूबचा खालचा भाग मोडलेला दिसेल, दिसू दे. अख्खा क्यूब वळवायचा नाही. फक्त वरचा थर फिरवून पुढचा वाकडा कोपरा त्याच जागी आणायचा आणि पुन्हा तेच. शेवटचा कोपरा सरळ झाला की तळ आपोआप जुळतो, मग वरचा थर सरळ केला की झालं. मधेच घाबरून हात थांबवलात तर मात्र पांढऱ्या अधिकापासून सुरुवात.

प्रश्न : क्यूब माळ्यावरून पडून सुटा झाला. मुलाने तुकडे जोडले. आता दरवेळी शेवटी एकच कडेचा तुकडा उलटा राहतो. मुलगा म्हणतो फॉर्म्युला चुकतोय. (कळवा)

उत्तर : फॉर्म्युला बरोबर आहे, जोडणी चुकली आहे. हा माझ्या आवडीचा प्रश्न, कारण इथे गणित थेट फिटिंगला येऊन भिडतं. क्यूब वळवून वळवून एकटा कडेचा तुकडा उलटा करता येत नाही, उलटे होतात ते जोडीनेच. एकटा कोपराही जागच्या जागी पीळ घेत नाही, आणि बाकी सगळं जागेवर ठेवून फक्त दोन तुकड्यांची अदलाबदलही होत नाही. सुटे तुकडे डोळे मिटून जोडले, तर कडांच्या दोन शक्यता, कोपऱ्यांच्या तीन, अदलाबदलीच्या दोन. गुणाकार १२. म्हणजे बारा जोडण्यांतली एकच सुटणारी.

शेवटपर्यंत वाट बघायचीही गरज नाही. दोन थर झाल्यावर वरच्या चार कडेच्या तुकड्यांपैकी किती पिवळे वर आहेत ते मोजा. शून्य, दोन किंवा चार असेल तर ठीक. एक किंवा तीन दिसले की समजा एक तुकडा उलटा बसलाय.

दुरुस्तीला दोन मिनिटं लागतात. वरचा थर अर्धवट, साधारण ४५ अंश वळवा. बाहेर आलेल्या कडेच्या तुकड्याखाली अंगठा घालून वर उचला, फारच घट्ट असेल तर बारीक चपटा स्क्रूड्रायव्हर. उलटा करून परत दाबा. ताकद लावायची नाही, स्वस्त क्यूबच्या आतलं बोट मोडलं तर ते चिकटत नाही. आणि सगळं होऊन एकच कोपरा वाकडा राहिला, तर तो चिमटीत धरून जागेवरच पिळा. चांगल्या ढिल्या क्यूबमध्ये कोपरे न पडताही पिळले जातात. मुलाने स्टिकर उचकटून ‘सोडवलेला’ नाही ना, तेही एकदा हळूच विचारा.

प्रश्न : आमच्या सोसायटीत क्यूबचा क्लास सुरू झालाय. गणिताचे मार्क वाढतात असं सांगतात. मुलीला घालावं का? फी बरीच आहे. (घोडबंदर रोड)

उत्तर : मार्क वाढवायचे असतील तर त्या पैशात गणिताची शिकवणी लावा. क्यूबने क्यूब येतो. मुलीला आवड असेल तर शेजारचं एखादं मोठं पोरगं आठवडाभरात शिकवेल, त्याला वडापाव खिलवा.

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगला आहे. दीड मिनिटात सोडवतो, पण त्याखाली उतरत नाही. अर्ध्या मिनिटाच्या आत यायला काय करू? फॉर्म्युले पाठ करायला घेतलेत, पण डोक्यात राहत नाहीत. (घणसोली)

उत्तर : तू ज्या पद्धतीच्या मागे लागलायस तिच्यात शेवटच्या थराचे ७८ फॉर्म्युले आहेत. ५७ पिवळं वर आणायला, २१ तुकडे जागेवर न्यायला. ती यादी सध्या बाजूला ठेव. हेच काम दोन-दोन टप्प्यांत केलं तर १० आणि ६, म्हणजे सोळांत भागतं, आणि सोळा घेऊन अर्ध्या मिनिटाच्या आत येता येतं.

तुझा वेळ बहुधा खालच्या दोन थरांत जातोय. कोपरा आणि त्याची कड वेगवेगळी बसवू नकोस, वरच जोडी लाव आणि एकत्र खाली उतरव. हे पाठ करायचं नसतं, बघत बघत शोधायचं असतं. आणि मुद्दाम हळू फिरव. एक जोडी उतरत असताना डोळा पुढच्या जोडीवर हवा. बोटं भरभर चालवून मग थांबून शोधत बसलास तर वेळ तेवढाच लागणार. ठाण्याच्या गाडीत घणसोलीला बसायला मिळालं तर तेवढ्या वेळात ही सवय छान होते. उभ्याने करू नकोस, क्यूब दारातून जाईल.

स्पर्धेत सुरुवातीला क्यूब नुसता बघायला १५ सेकंद देतात. तेवढ्यात पांढरं अधिक अख्खं मनात सोडवायची सवय कर. पाच वेळा सोडवून घेतात, सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट वेळ वगळून सरासरी काढतात. तेव्हा एखादा सोडवताना फसलं तर जिवाला लावून घ्यायचं नाही. १९८२ साली बुडापेस्टला पहिली जागतिक स्पर्धा झाली, ती मिन्ह थाय यांनी २२.९५ सेकंदांत जिंकली, तेही त्या वेळच्या खरखरीत क्यूबवर. २०२३ मध्ये मॅक्स पार्क यांनी ३.१३ सेकंदांत सोडवला. पोरांची बोटं पळतात हे खरंच, पण यात यंत्राचाही वाटा आहे. चुंबकं, स्प्रिंगचा ताण, थर पुरता सरळ नसतानाही न अडकता वळणारे तुकडे. त्याचं श्रेय कोणी घेत नाही म्हणून मी देतो.

मित्रांना सांगायला एक आकडा घे. क्यूबच्या एकूण मांडण्या ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,०००. त्यातली कुठलीही असो, जास्तीत जास्त २० मूव्हमध्ये सुटते. हे २०१० मध्ये संगणकावर सिद्ध झालं.

प्रश्न : आजोबा, माझा क्यूब खूप अडकतो. आईने खोबरेल तेल घातलं. आता बोटं तेलकट होतात, पण क्यूब अडकतोच. मी चौथीत आहे. (कोपरखैरणे)

उत्तर : बाळा, खोबरेल केसांना. क्यूबमध्ये ते धूळ धरून चिकट होतं, आणि थंडीत थिजतं ते वेगळंच. आईला सांग, क्यूब सुटा करून तुकडे कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचे आणि पंख्याखाली पूर्ण वाळवायचे. सुटा करण्याआधी फोटो काढून ठेवा आणि जोडताना सोडवलेलाच जोडा. का, ते वरच्या कळव्याच्या पत्रात आहे. मग मधल्या तुकड्याची टोपी उचक, आत स्क्रू दिसेल. सहाही स्क्रू सारखेच, पाव-पाव फेरा ढिले कर. एक घट्ट आणि एक ढिला ठेवलास तर आणखी अडकेल. टोपी चिकटवलेली असेल तर तो क्यूब उघडायचा नाही. तेल घालायचंच असेल तर सिलिकॉनचं, दोन थेंब. गंज काढायचा स्प्रे बाबांच्या कपाटात असेल, त्याला हात लावू नकोस, प्लास्टिक खराब होतं. एवढं करूनही अडकला तर वाढदिवसाला चुंबकाचा क्यूब माग. पाचशे रुपयांच्या आसपास बरा येतो.