ऑर्किड आणि कीटकभक्षी झाडं फुलली की फोटो काढण्यापलीकडे नेमकं काय बघायचं?

आधी खाली बसा. मी पहिली काही वर्षं उभ्यानेच फोटो काढत फिरलो आणि बघण्यासारखं बरंच काही हुकलं.

दलदलीत ऑर्किड आणि दवबिंदू नावाचं कीटकभक्षी झाड (ड्रोसेरा) पुष्कळदा हातभर अंतरावर सापडतात. माती इतकी निकस की नायट्रोजन जवळपास नाहीच. ऑर्किडनं मुळातल्या बुरशीशी संधान बांधलंय, दवबिंदू किडे खातो. पण फुलायच्या दिवसांत त्यालाही कीटक लागतात, परागकण न्यायला. ज्याला खायचं त्यालाच निरोप्या करायचं!

म्हणून फुलाचा दांडा किती उंच आहे ते बघा. व्हीनस फ्लायट्रॅपचे सापळे जमिनीलगत, फुलं मात्र वीतभर वर. तिच्या मूळ प्रदेशात, अमेरिकेतल्या कॅरोलायना भागात, अभ्यासकांनी सापळे तपासले. परागीभवन करणारे प्रमुख कीटक त्यांत सापडलेच नाहीत. कोळी आणि मुंग्या मात्र भरपूर. उंची हे त्याचं एक कारण असावं.

दवबिंदूसाठी ऊन असतानाच जा. दांड्यावर एका वेळी एखादंच फूल उघडतं आणि काही तासांत मिटतं. ढगाळ दिवशी नुसत्या कळ्या दिसतील. युट्रिक्युलेरिया (सीतेची आसवं याच कुळातली) फुलावरून चिमुकलं ऑर्किड वाटते, मीही फसलोय. तिच्या शिकारी पिशव्या मातीत किंवा पाण्यात दडलेल्या असतात, आणि एका मिलिसेकंदाच्या आत भक्ष्य आत ओढतात.

कुंडीतल्या ऑर्किडचा फायदा म्हणजे त्याला हात लावता येतो. डार्विननं 1862 च्या पुस्तकात सांगितलेला प्रयोग आहे: फुलात पेन्सिलीचं टोक घालून बाहेर काढलं की परागकणांच्या गुंड्या त्याला उभ्या चिकटून येतात आणि साधारण अर्ध्या मिनिटात पुढे वाकतात, म्हणजे पुढच्या फुलात बरोबर जागेवर टेकतील अशा. सगळ्याच जातींत असं वाकणं दिसत नाही. फॅलेनॉप्सिसवर (कुंडीत नेहमी दिसणारं ऑर्किड) टूथपिकनं करून बघा, गुंड्या त्यांच्यावरच्या टोपीसकट निघतात. मात्र परागीभवन झालं तर ते फूल काही दिवसांत मान टाकतं. एरवी दोन-दोन महिने टिकतं. रानातल्या फुलावर हे करू नका.

दहापट भिंग जवळ ठेवा आणि पाय कुठे टाकताय ते बघा. काही दवबिंदू बोटाच्या पेराएवढेच असतात. एका ऑर्किडच्या फोटोसाठी मी गुडघा टेकला होता, तो नेमका त्यांच्यावरच.