पॉलिपमध्ये पुढे कॅन्सर होईल का, हे पी५३ आणि पीटेनच्या तपासणीतून कळतं का?

तुमच्या आईंची पाळी जाऊन दहा वर्षं झाली, अंगावरून लाल गेलं म्हणून दुर्बिणीने गर्भाशयाच्या पिशवीतला पॉलिप (अस्तरावर वाढलेला कोंब) काढला, रिपोर्ट 'बिनाइन', म्हणजे कॅन्सर नसलेला, आला. आता कुणी सांगतंय की पी५३, पीटेन करून घ्या, म्हणजे पुढे कॅन्सर होणार का ते कळेल. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, असे पॉलिप रोज बघते. साध्या पॉलिपचं भविष्य सांगणारी तपासणी आज नाही. त्यावर पैसे घालू नका.

ही दोन्ही ट्यूमर सप्रेसर जनुकं, पेशींच्या वाढीला लगाम घालणारी. त्यांची प्रथिनं स्लाइडवर तपकिरी रंगतात. गर्भाशयाच्या अस्तराच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये पीटेन बऱ्याचदा नाहीसं झालेलं असतं, त्यामुळे त्याच्याकडून आशा वाटणं साहजिक आहे. पण निरोगी, पाळी चालू असलेल्या बायकांच्या अस्तरातही पीटेन असं नाहीसं झालेलं दिसतं: तपकिरी ग्रंथींच्या गर्दीत एखादीच ग्रंथी, पीटेन नसल्याने, फिकट निळी, तिच्या भोवतालच्या पेशी मात्र छान तपकिरी. त्यातल्या बहुतेक बायकांना पुढे काहीच होत नाही. मग एवढ्यावरून तुमच्या आईंना घाबरवायचं कसं?

पी५३चं वेगळं. उतारवयात, पातळ झालेल्या अस्तरातल्या पॉलिपवर सिरस नावाचा आक्रमक कॅन्सर कधीकधी अगदी ठिपक्याएवढा सुरू होतो. तिथे हा रंग फार कामाचा. निरोगी पेशींची केंद्रकं कुठे गडद, कुठे फिकी, कुठे कोरी, अशी सरमिसळ दिसते. बिघाड असला की सगळीच गडद, नाहीतर सगळीच कोरी. (कोरी स्लाइड बघून 'निगेटिव्ह, म्हणजे चांगलं' असं समजू नये.) पण यातून आत्ता तिथे असलेला आजार ओळखता येतो, पुढचा नाही. साध्या स्लाइडवर ग्रंथी खटकल्या की पॅथॉलॉजिस्टच हा रंग मागवतो.

पाळी गेलेल्या बायकांच्या पॉलिपमध्ये कॅन्सर सापडण्याचं प्रमाण शंभरात साधारण पाच, पाळी चालू असताना एक-दोन. तेव्हा डॉक्टरांना विचारा, पॉलिप बुडासकट पूर्ण निघाला का, आणि बाकीच्या अस्तराचा तुकडाही तपासला का. मला विचाराल तर याचं उत्तर पी५३-पीटेनसारख्या कुठल्याही मार्करपेक्षा मोलाचं आहे. रिपोर्टमध्ये 'एटिपिया' (पेशींचं रूप बिघडलेलं) शब्द असेल तर गोष्ट बदलते, तो रिपोर्ट घेऊन लगेच भेटा. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमोक्सिफेन चालू असेल, किंवा घरात आतड्याचा वा पिशवीचा कॅन्सर कमी वयात झाला असेल, तर तेही आपणहून सांगा.

पुन्हा लाल गेलं, नुसता डाग जरी दिसला, तरी जुना रिपोर्ट चांगला होता म्हणून घरी थांबू नका.

आणि मनात शंका राहिलीच, तर लॅबमधून मेणाचा ब्लॉक (त्यात काढलेला तुकडा जपलेला असतो) आणि स्लाइड मागून घ्या आणि स्त्रीरोगाचं काम जास्त करणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. गरज वाटली तर पी५३चा रंग त्याच ब्लॉकवर करता येतो, आईंना पुन्हा टेबलावर जावं लागत नाही.