ॲलेक्स केसी म्हणजे मॅक्स पेनच का?

प्रश्न: दादा, दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझा मामेभाऊ मिळून रेमेडी स्टुडिओचा ॲलन वेक २ हा व्हिडिओ गेम खेळलो आणि तेव्हापासून भांडण चालूय. तो म्हणतो त्यातला एफबीआयवाला ॲलेक्स केसी म्हणजे रेमेडीच्याच जुन्या गेमचा हिरो मॅक्स पेनच, नुसतं नाव बदललंय. मी म्हणतो उगाच धागे जोडू नको, २०२१ ला ॲबॅन्डन्ड नावाच्या गेमच्या वेळी पण लोकांनी असंच केलेलं, तो गुपचूप जपानी गेम-दिग्दर्शक हिदेओ कोजिमाचाच गेम आहे म्हणून. कोण बरोबर?
– एक वाचक, कर्वेनगर, पुणे

उत्तर: मामेभाऊ बराचसा बरोबर आहे रे. केसीचा चेहरा रेमेडीचा लेखक सॅम लेकचा आहे, २००१ च्या पहिल्या मॅक्स पेनमध्ये मॅक्सला जो चेहरा होता तोच, आणि आवाज जेम्स मॅकॅफ्रीचा, तोही मॅक्सचाच. दोन्ही एकाच पात्रात, याला योगायोग कसं म्हणायचं? पण रेमेडीने मॅक्स पेनचे हक्क २००२ मध्येच विकले, ते आता रॉकस्टारच्या कंपनीकडे आहेत, म्हणून तो मॅक्स असूनही मॅक्स म्हणता येत नाही. ॲलन वेक २ मधल्याच शेरीफ टिम ब्रेकरचंही तसंच, तो नट शॉन ॲशमोर, रेमेडीच्याच क्वांटम ब्रेक गेमचा हिरो, आणि त्या गेमचे हक्क मायक्रोसॉफ्टकडे, मग आडनावातच खूण ठेवली. याउलट ॲलन वेकच्या प्रकाशनाचे हक्क २०१९ ला रेमेडीकडे परत आले आणि पुढच्याच वर्षी आपल्याच कंट्रोल या गेमच्या एडब्ल्यूई डीएलसीत (म्हणजे नंतर आलेल्या जोडभागात) त्यांनी दोन्ही गेमच्या गोष्टी उघडपणे जोडून टाकल्या. म्हणून मी कुठलीही थिअरी ऐकली की आधी हक्क कोणाकडे आहेत ते बघतो.

ॲबॅन्डन्डचं वेगळं होतं, पण त्या लोकांना मी वेडं म्हणणार नाही. कोजिमाने खोट्या नावाआडून गेम दाखवायचं हे आधी दोनदा केलं होतं ना, २०१२ ला मोबी डिक स्टुडिओ आणि योआकिम मोग्रेन (योआकिमची अक्षरं उलटसुलट केली की कोजिमा होतं), मग २०१४ ला ७७८० एस स्टुडिओच्या नावाने पीटी हा छोटा गेम, तो निघाला सायलेंट हिल्स या हॉरर गेमचा टीझर! एवढं झाल्यावर कोण नाही शोधणार? फक्त ॲबॅन्डन्डमध्ये हाताशी होतं काय, तर तो बनवणाऱ्या स्टुडिओच्या मालकाच्या नावाची आद्याक्षरं एच.के., म्हणजे हिदेओ कोजिमासारखी, आणि अशाच काही गोष्टी. ओळखीचा नट नाही, आवाज नाही, खेळायला गेमच नाही. शेवटी त्या गेमच्या ॲपमध्ये काही सेकंदांचा टीझर आला, कोजिमाचा काही संबंध नव्हता.

मामेभावासोबत केसीचे सीन परत बघ, हेडफोन लावून. मॅकॅफ्री डिसेंबर २०२३ मध्ये गेले, गेम आल्यावर दोन महिन्यांच्या आतच.