वाचक विचारतात : जपानी चांदीची नाणी आणि पदकं

प्रश्न : एका बाजूला कोई मासे, दुसऱ्या बाजूला ‘१ औंस, ९९९ शुद्ध चांदी’, असा एक तुकडा मला ‘जपानी बुलियन नाणं’ (म्हणजे धातूच्या भावासाठी घेतलं जाणारं नाणं) म्हणून दाखवला. भाव चांदीच्या दीडपट. घ्यावा का? (कोल्हापूर)

आधी त्यावर देशाचं नाव आणि दर्शनी किंमत शोधा. दोन्ही नसतील तर ते नाणंच नव्हे. बाजारात त्याला ‘राउंड’ म्हणतात, आणि तो कोणतीही खासगी टांकसाळ पाडू शकते. किंमत डॉलरमध्ये आणि नाव नियुए किंवा तुवालू अशा प्रशांत महासागरातल्या चिमुकल्या बेटांचं असेल, तर ते कायद्याने नाणं आहे, फक्त जपानचं नाही. कोई, सामुराई, चित्रकार होकुसाईची लाट ही चित्रं आहेत. त्यांवरून नाणं कुठलं ते ठरत नाही. अमेरिकेचा ईगल किंवा कॅनडाचं मेपल लीफ दरवर्षी निघतं, तसं चांदीचं बुलियन नाणं जपानची टांकसाळ काढतच नाही. म्हणजे विक्रेत्याचं वाक्यच चुकलेलं आहे. मोडीला नेलात तर सराफ ३१.१ ग्रॅम धरेल आणि कस बघेल, माशांचे पैसे देणार नाही. मासे आवडले असतील तर खुशाल घ्या, पण दीडपटीत नको.

प्रश्न : ड्रॅगनचं चित्र असलेला जुना एक येन माझ्याकडे आहे. खरा-खोटा घरी कसा ओळखायचा? (पुणे)

या नाण्याच्या नकला ढिगाने आहेत, त्यामुळे शंका घेतलीत ते बरंच केलंत. ओसाकाची टांकसाळ १८७१ मध्ये रीतसर सुरू झाली आणि चांदीचा येन, मध्ये खंड पडत, १९१४ पर्यंत निघाला. वजन २६.९६ ग्रॅम, कस ९०० (म्हणजे हजारांत ९०० भाग चांदी), व्यास ३८ मिलिमीटरच्या थोडा पुढे.

पहिली परीक्षा वाचायची. ड्रॅगनभोवतीची वरची जपानी ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची असते. बहुतेक येन मेइजी सम्राटाच्या काळातले आणि साल त्याच्या कारकिर्दीपासून मोजलेलं, म्हणून साल काढायला १८६७ मिळवा. दहाचं अक्षर म्हणजे आपलं अधिकचं चिन्ह, आठ म्हणजे एकमेकांपासून फाकलेल्या दोन तिरक्या रेघा. उजवीकडून दहा आणि मग आठ दिसले तर मेइजी १८, म्हणजे १८८५. खालच्या बाजूला इंग्रजी अंकांत ४१६, इंग्रजी अक्षरांत ‘वन येन’ आणि ९०० हवं. ४१६ म्हणजे ग्रेन या जुन्या इंग्रजी मापातलं वजन, ९०० म्हणजे कस. मात्र मेइजी ३ या सर्वांत जुन्या येनवर इंग्रजी मजकूर अजिबात नसतो. ‘वन येन’ आहे आणि साल मेइजी ३ आहे, असं नाणं हातात आलं तर पुढच्या परीक्षा करायची गरजच नाही. ते खोटं आहे.

दुसरी परीक्षा घनतेची. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा लागेल. ०.१वाल्या काट्याने उत्तर इतकं हलतं की त्याला अर्थ राहत नाही. नाणं कोरडं तोलून वजन लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचा छोटा कप ठेवून काटा शून्यावर आणा. सराफी खिशातले काटे बहुधा २०० ग्रॅमपर्यंतच मोजतात, त्यावर स्टीलचा भरलेला पेला ठेवलात तर काटा चूक दाखवेल. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असं लटकवा. तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. टेकलं की काटा नाण्याचं वजनही मोजायला लागतो. आता दिसणारा आकडा म्हणजे बाजूला सारलेलं पाणी. कोरड्या वजनाला त्याने भागा. खऱ्या येनला पाण्यातला आकडा २.६१च्या आसपास येतो आणि घनता १०.३. तांबं-निकेलच्या नकलेला आकडा ३च्या घरात जातो आणि घनता ८.९. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले असतील तर घनता कमी दिसते आणि खरं नाणं उगाच बदनाम होतं. म्हणून बुडवल्यावर दोरा एकदा हलकेच झटका. झिजलेलं नाणं वजनात थोडं कमी भरेल, पण घनता तीच राहील. ही परीक्षा मला वजनापेक्षा भरवशाची वाटते ती त्यामुळेच.

तरी चांदीचीच नक्कल असेल तर घनता तिला पकडणार नाही. तिथे दहापट भिंग लागतं. खऱ्या नाण्यावर ड्रॅगनचे खवले एकेक सुटे, काठ स्पष्ट. ओतीव नकलेत ते मऊ, साबण वापरून गुळगुळीत झाल्यासारखे, आणि सपाट जागेत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. कडेचे दात सारखे आहेत का, तेही फिरवून बघा.

मागच्या बाजूला छोट्या वर्तुळात एक अक्षर ठोकलेलं असेल तर दचकू नका. ते ‘गिन’, म्हणजे चांदी. १८९७ मध्ये जपान सोन्याच्या चलनाकडे वळला, तेव्हा मागे घेतलेल्या येनांपैकी काही असे ठोकून तैवानसारख्या ठिकाणी चालवले गेले. डावीकडचा ठोका ओसाकाचा, उजवीकडचा टोकियोचा. चिनी व्यापाऱ्यांचे बारीक ठसे असतील तर तेही नुकसान नव्हे, नाणं हिंडल्याची खूण आहे. काही संग्राहक फक्त तीच जमवतात.

प्रश्न : सुरुवात कोणत्या नाण्याने करावी? बजेट बेताचं आहे. (नाशिक)

१९६४च्या टोकियो ऑलिंपिकचं १००० येन. २० ग्रॅम, ९२५ कस, ३५ मिलिमीटर, एका बाजूला फुजी आणि चेरीची फुलं. दीड कोटी पाडली गेली, त्यामुळे दुर्मीळ नाही आणि कुणी तसं सांगून भाव चढवला तर उठून या. त्याच वर्षीचं १०० येनचं ऑलिंपिक नाणं स्वस्त पडतं, पण ते ६०० कसाचं आणि ४.८ ग्रॅमचं, म्हणजे शुद्ध चांदी २.८८ ग्रॅमच. दोन्हींचे भाव शेजारी मांडताना नाण्यांची संख्या नको, शुद्ध चांदीचे ग्रॅम धरा. मोठ्या नाण्यात ते १८.५ आहेत. यानंतर २००८ ते २०१६ मध्ये ४७ प्रांतांसाठी निघालेली रंगीत १००० येनची नाणी बघा. प्रत्येकी ३१.१ ग्रॅम, शुद्ध चांदी. डबा आणि कागद नसेल तर भाव पाडून मागा.

प्रश्न : जपानी पदकाच्या कडेला झेंडा आणि चौकटीत आकडा आहे. तो काय? (बेळगाव)

तो जपानच्या टांकसाळीचा कसाचा शिक्का. उगवत्या सूर्याचा झेंडा आणि शेजारी शंकरपाळ्याच्या आकारात १०००, ९५० किंवा ९२५ असा हजारांतला कस. हा शिक्का असलेलं पदक खासगी कारखान्यातलंही असू शकतं. शिक्का कसाची हमी देतो, पदक कुणी घडवलं ते सांगत नाही. नुसतं इंग्रजीत ‘सिल्व्हर’ लिहिलं असेल तर वर दिलेली घनतेची परीक्षा करा, कारण तांब्यावर चांदीचं पाणी चढवलेली स्मृतिपदकं पुष्कळ आहेत. शुद्ध चांदीला १०.५ यायला हवी.

प्रश्न : पावसाळ्यानंतर नाण्यांवर हिरवट चिकट थर आणि दोनतीन ठिकाणी पांढरे डाग. चिंच लावू का? (रत्नागिरी)

चिंच नको, दंतमंजन नको, रांगोळी तर अजिबात नको. देवाची भांडी चकचकीत होतात तशी नाणीही होतील आणि भिंगाखाली हजार ओरखडे दिसतील. हिरवा थर मऊ पीव्हीसी पाकिटांचा आहे. शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणं काचेच्या वाटीत पाच मिनिटं ठेवा, दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये बुडवून काढा आणि उभं करून सुकू द्या, पुसू नका. खिडकी उघडी, गॅस बंद. नखांचा रंग काढायचं द्रावण चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. प्रांतांच्या रंगीत नाण्यांना ॲसिटोन लावूच नका, रंगच निघून येऊ शकतो. शुद्ध चांदीवरचे पांढरे डाग मात्र घरच्या उपायांनी जात नाहीत. ते तसेच राहू द्या. पुढच्या पावसाळ्याआधी नाणी कडक कॅप्सूलमध्ये आणि कॅप्सूल हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा. रबरबँड आणि वर्तमानपत्र त्या डब्यात नको. रबरातला गंधक चांदी काळी करतो.

प्रश्न : माझा ड्रॅगन येन प्रतवारीसाठी (म्हणजे अस्सलपणा आणि अवस्था तपासून दर्जा ठरवून घ्यायला) अमेरिकेला कुरिअरने पाठवू का? (ठाणे)

नाही. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही, मग ते कोणत्याही देशाचं असो. शेवटचा ड्रॅगन येन १९१४चा, म्हणजे सगळेच त्यात आले. प्रतवारी झालेला येन हवाच असेल तर तो बाहेरून बंद डबीत विकत घ्या, डबीवरचा क्रमांक प्रतवारी करणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तिथल्या फोटोशी ताडून बघा, आणि मागवण्याआधी सीमाशुल्क किती ते त्या आठवड्यातलं विचारून घ्या. चांदीचे दर आणि नियम दोन्ही वारंवार बदलतात.