भाऊ बोटीवरून आलाय, ताप उतरत नाही, लस्सा फीवर असेल का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ लागोसला (नायजेरिया, पश्चिम आफ्रिका) साइन ऑफ होऊन, म्हणजे बोटीवरची ड्युटी संपवून उतरून, १२ दिवस झाले, ५ दिवस ताप आहे आणि गावच्या डॉक्टरांनी भातलावणीचे दिवस म्हणून लेप्टोच्या (शेतातल्या पाण्यात मिसळलेल्या उंदराच्या मुतातनं होणारा ताप) गोळ्या दिल्या. त्यांना लागोस सांगितलंत का? बहुतेक नसेल.

मी रत्नागिरीकडे लॅबमधे २० वर्षं स्लाइडी बघतोय. असाच एक बोटीवाला आलेला, कागदावर नुसतं 'ताप', आणि स्लाइडवर बघतो तर फॅल्सिपेरम मलेरियाचे (मलेरियातला सगळ्यात घातक प्रकार) ते केळ्याच्या आकाराचे जंतू, मग खोदून विचारलं तेव्हा म्हणतो आफ्रिकेतनं आलोय, वाडीत बोभाटा नको म्हणून बोललो नाय. म्हणून आधी आजच मलेरिया बघा, त्यानेच माणूस पटकन जातो. निगेटिव्ह आला तरी उद्या परत करा. आणि पॉझिटिव्ह आला म्हणजे लस्सा नाहीच असं पण नाही हां, दोन्ही एकदम असू शकतात.

लस्सा पश्चिम आफ्रिकेतल्या एका जातीच्या उंदरापासून होतो, त्याचं मूत लागलेलं खाणं वगैरे. लागण झाल्यापासून २ ते २१ दिवसांत ताप येतो, म्हणजे तुमचा हिशोब बसतो. १० पैकी ८ जणांना साधा ताप किंवा काहीच होत नाही. घसा खूप दुखणं, छातीत दुखणं, तोंड सुजणं, हिरड्यांतून रक्त, कमी ऐकू येणं, यातलं काही आहे का बघा, पण नुसतं बघून कोणीच सांगू शकत नाही, आरटी-पीसीआरच लागते. ती आमच्यासारख्या लॅबचं काम नाही, सॅम्पल तीन थरांत पॅक करून सरकारी यंत्रणेमार्फत पुण्याला एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्था) जातं. त्यामुळे त्याला रिक्षात घालून इकडेतिकडे फिरवू नका, आधी जिल्हा रुग्णालयात फोन करा, देश आणि तारीख सांगा, ते म्हणतील तसं न्या.

कोरोनासारखा हवेतनं सहज पसरत नाही, रक्त, उलटी, लघवी यातनं पसरतो, म्हणून एकानेच ग्लोव्ह्ज घालून त्याचं करा. त्याने आणलेली चॉकलेटं घ्यायला येणारी मंडळी सध्या बंद. अंगदुखीला ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन नको, पॅरासिटामॉल द्या.

आणि रक्त घ्यायला येणाऱ्या पोराला सुई टोचायच्या आधी सांगा, नंतर नको.