एलएलव्हीएमचा बिल्ड लिंकिंगच्या टप्प्यावर ‘किल्ड’ म्हणून का थांबतो?

१६ जीबी रॅम असलेल्या संगणकावर निंजा (बिल्डची कामे चालवणारे साधन) वापरून केलेला एलएलव्हीएम या कंपायलर-संचाचा आपला डीबग बिल्ड (दोष शोधण्यासाठीची जादा माहिती असलेला) शेवटाकडे आल्यावर लिंकर, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून अंतिम फाइल बनवणारा प्रोग्रॅम, ‘सिग्नल ९’ने (सक्तीने थांबवण्याच्या संकेताने) बंद पडतो, असे आपण लिहिले आहे. हा सोर्स कोडमधला दोष बहुधा नाही. मेमरी संपल्यामुळे लिनक्स कर्नलनेच लिंकरची प्रोसेस मारलेली असते. ‘डीमेसेज’ (कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) चालवून दिसणाऱ्या नोंदींमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ अशी ओळ सापडल्यास खात्री पटेल.

निंजा प्रोसेसरच्या कोअरच्या संख्येनुसार अनेक कामे एकाच वेळी सुरू करतो. कंपाइल करताना हे चालून जाते; पण डीबग माहितीसह क्लँगसारखी (एलएलव्हीएमचा सी/सी++ कंपायलर) मोठी फाइल लिंक करताना एकेका प्रोसेसला कित्येक जीबी मेमरी लागू शकते आणि अशा चार-पाच प्रोसेस एकदम सुरू झाल्या की रॅम अपुरी पडते. त्यामुळे सीमेकमध्ये (बिल्डची मांडणी ठरवणारे साधन) ‘एलएलव्हीएम_पॅरलल_लिंक_जॉब्स’ (एकाच वेळी किती लिंकिंगची कामे चालवायची) या पर्यायाची किंमत १ ठेवावी. कंपायलरच्या आत शिरून डीबगिंग करायचे नसेल, तर सरळ ‘रिलीज’ (डीबग माहिती नसलेला) बिल्ड निवडावा. माझ्या मते निम्म्याहून अधिक लोकांना डीबग बिल्डची गरजच नसते. कोणत्या प्रोसेसर-प्रकारांसाठी कोड बनवायचा हे ठरवणाऱ्या ‘एलएलव्हीएम_टार्गेट्स_टू_बिल्ड’मध्ये फक्त ‘एक्स८६’ ठेवल्यास कामही बरेच घटते. एलएलव्हीएमचाच एलएलडी हा लिंकर उपलब्ध असल्यास तोही वापरून पाहावा.

पर्याय बदलल्यानंतर सगळी बिल्ड डिरेक्टरी पुसण्याची आवश्यकता नाही, सीमेक पुन्हा चालवणे पुरेसे आहे. मात्र कंपायलरच बदलला असेल, तर जुनी कॅशे (सीमेकने साठवलेली आधीची माहिती) ठेवू नये, नवी डिरेक्टरी घ्यावी.