मीही हात उचलला, आता माझं कोण ऐकणार?

"मॅडम, मी बी मारलंय त्यास्नी. आता माझं कोण ऐकणार?" वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या बाईच्या तोंडून समुपदेशनाच्या खोलीत हे वारंवार ऐकू येतं. कित्येकजणी याच धास्तीने तक्रार द्यायला जातच नाहीत. आपला हात एकदा उठला की आधीचं सगळं पुसलं गेलं, असं त्यांना वाटतं, आणि आजूबाजूची माणसंही त्यांना तेच पटवून देत असतात. तासगाव तालुक्यातल्या एका बाईंच्या प्रकरणातून या काळजीचं उत्तर बऱ्यापैकी मिळतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बाई हंगामात बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जात. बारा वर्षांचा संसार, दोन मुलं. नवऱ्याचा हात लग्नानंतर वर्षभरातच चालू झाला होता, पण भावकीत त्याला कुणी मारहाण म्हणत नसे. "गडी जरा तापट हाय," एवढंच. त्या रात्री भांडण लागलं ते मजुरीच्या पैशांवरून. मुलीच्या शाळेसाठी बाईंनी थोडे पैसे बाजूला ठेवले होते. नवऱ्याने त्यांना ओट्याशेजारी भिंतीला दाबून दोन्ही हातांनी गळा आवळला. डोळ्यांपुढे अंधारी आली, हात चाचपडताना पाण्याचा स्टीलचा तांब्या लागला, तो त्यांनी त्याच्या कपाळावर मारला. पकड सुटली. त्या मुलांना घेऊन शेजारी जावेच्या घरात पळाल्या.

नवऱ्याच्या भुवईवर तीन टाके पडले. कपाळाच्या कातडीत रक्तवाहिन्या दाट असतात, त्यामुळे लहान जखमेतूनही भळाभळा रक्त येतं. तो रक्ताने भिजलेल्या शर्टातच ग्रामीण रुग्णालयात गेला आणि तिथून पोलीस ठाण्यात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) खाली अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी, झाली. सकाळपर्यंत गावभर झालं की बायकोने नवऱ्याचं डोकं फोडलं. बाईंच्या गळ्यावर मात्र दाखवण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी रात्रीच फरशी पुसली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या.

या विषयातला दुजाभाव बराचसा इथूनच सुरू होतो. त्याची जखम दिसत होती, तिची दिसत नव्हती. गळा दाबल्यावर अनेकदा बाहेर वळ किंवा ओरखडा उमटतच नाही. खुणा वेगळ्याच असतात: आवाज बसणं, घास गिळताना दुखणं, डोळ्यांत किंवा पापणीच्या आत बारीक लाल ठिपके, मान वळवताना कळ, त्या वेळी शुद्ध हरपणं, कपड्यात लघवी होणं. शेवटची गोष्ट बायका लाजेने सांगत नाहीत. पण मेंदूचा रक्तपुरवठा तुटेपर्यंत गळा दाबला गेला होता, याची ती फार महत्त्वाची खूण असते. बाई तिसऱ्या दिवशी भावाबरोबर समुपदेशनाला आल्या तेव्हा त्यांचा आवाज घोगरा होता आणि भाकरीचा घास उतरत नव्हता. भावाला वाटलं होतं सर्दी झालीय.

म्हणून पहिलं काम कागदाचं नव्हतं, दवाखान्याचं होतं. गळ्याच्या आतली सूज काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी वाढते, आणि मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर गुठळी होऊ शकते. त्यांना सांगलीच्या सिव्हिल हॉस्पिटलला कान-नाक-घसा विभागात पाठवलं. डॉक्टरांना काय सांगायचं, तेही आधी बोलून घेतलं. "भांडण झालं" असं मोघम सांगून चालत नाही. कुणी, कशाने, कधी, किती वेळ आणि त्या वेळी शरीराला काय झालं, एवढं सगळं केसपेपरवर यायला हवं. शिवाय ही पोलीस केस म्हणून नोंदवा, म्हणजे एमएलसी करा, असं स्पष्ट म्हणावं लागतं. उशीर झाला तरी एमएलसी होते, ती टाळू नये. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, जोडीदाराने पूर्वी गळा दाबलेला असेल तर त्या स्त्रीचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सुमारे सातपट आढळली होती. गळा दाबणं हे चापटीसारखं "घरातलं" समजून सोडून देण्याचं प्रकरण नाही.

दवाखान्यातून आल्यावर बाईंनी विचारलं, "मी बी त्यांच्यावानीच झाले का?" त्यांना खरी टोचणी याची होती. अशा वेळी "नाही हो, तुमचं काही चुकलं नाही" म्हणून पाठीवरून हात फिरवला तर बाईचं समाधान होत नाही. त्यापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात. घरात कोण कुणाला भितं? कुणाच्या गाडीचा आवाज आला की कोण गप्प होतं? आणि या वर्षांत कुणाचं जगणं आकसत गेलं: कुणाचं माहेर तुटलं, कुणाचा फोन तपासला गेला, कुणाच्या हातातून पैसे गेले? बाईंनी तिन्ही उत्तरं एका दमात दिली. नवऱ्याला त्यांची भीती वाटल्याचा एकही प्रसंग त्यांना आठवेना. हाताखाली ठेवण्यासाठी मारणं आणि सुटण्यासाठी मारणं यांतला फरक त्यांना स्वतःच्याच उत्तरांतून दिसला.

कायदाही हाच फरक पाहतो. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं खासगी बचावाच्या हक्काची आहेत. ती बाई-पुरुष असा भेद करत नाहीत आणि नवऱ्याला त्यातून वगळतही नाहीत. धोक्याची रास्त भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो, भीती संपली की हक्कही संपतो. मदतीला पोलीस बोलावण्याइतका वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची भीती असेल तर मात्र कलम ३८ हा हक्क फार पुढपर्यंत नेतं. गळा आवळलेला असताना मारलेला एक तांब्या यात बसतो. हात सुटल्यावर, तो खुर्चीत बसल्यावर मागून मारला असता तर बसला नसता, आणि ते बायकांना स्पष्ट सांगायला हवं. जीव घुसमटत असताना माणूस नेमका किती जोर लावतो हे सोन्याच्या काट्यावर तोलायचं नसतं, असं सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच म्हटलं आहे. बचाव होता हे दाखवण्याची जबाबदारी मात्र मारणाऱ्यावर असते (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम १०८). ते शंभर टक्के सिद्ध करावं लागत नाही, तसं घडल्याची शक्यता अधिक आहे एवढं दाखवलं तरी पुरतं. म्हणूनच सुरुवातीच्या दिवसांतली नोंद इतकी मोलाची ठरते.

आणि नेमकी तीच नोंद बिघडली होती. एनसी झाल्यावर बाईंना ठाण्यात बोलावून जबाब घेतला गेला. त्यात लिहिलं होतं: "घरगुती कारणावरून वाद झाला, रागाच्या भरात मी त्यांना तांब्या मारला." बाईंनी वाचून न पाहता सही केली होती. बचावाचा हक्क भीतीवर उभा असतो. राग लिहिला गेला की तो हक्कच डळमळतो. बाईंना राग आला नव्हता असं नाही, पण तांब्या उचलला तो श्वास कोंडला म्हणून. जबाबात घटनेचा क्रम लागतो: तो कुठे उभा होता, मी कुठे, दार कुणाच्या पाठीशी होतं, त्याने आधी काय केलं, मला काय होईल असं वाटलं, हाताला काय लागलं, किती वेळा मारलं, कधी थांबले, थांबल्यावर कुठे गेले. पळून गेले, हे वाक्य सोन्यासारखं आहे, कारण सूड घेणारा माणूस पळत नाही. बाईंचा पुरवणी जबाब याच क्रमाने तयार करून एमएलसीच्या प्रतीसह ठाण्यात दिला आणि पोच घेतली. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर दखलपात्र गुन्ह्याची माहिती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते, ती सोय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये आहे.

दुसरा धोका भावकीकडून आला. बैठक बसली, "दोघांचं बी चुकलं, दोघांनी बी मिटवा" असं ठरलं आणि स्टॅम्पवर लिहायचा मजकूर बाईंच्या मोबाइलवर आला. त्यात एकच ठोस वाक्य होतं: मी यापुढे पतीवर हात उचलणार नाही. नवऱ्याबद्दल फक्त "गुण्यागोविंदाने नांदवीन". म्हणजे बारा वर्षांचा मार कागदावर कुठेच नाही आणि बाईंचा एक फटका त्यांच्याच सहीने कबूल. असा कागद पुढे वकील हमखास कोर्टात लावतो. सही करू नका, असं बाईंना आणि भावाला ठामपणे सांगावं लागलं. भाऊ सुरुवातीला चिडला, कारण बहिणीने नवऱ्याला मारलं याची त्यालाही लाज वाटत होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी कोणत्या ना कोणत्या कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य मानलं. ज्या घरात ते योग्य, तिथे बायकोने परतवलेला हात आक्रीतच वाटणार.

पुराव्याबद्दल थोडं. वळ असतील तर फोटो त्याच दिवशी, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी काढावेत, कारण खोल मार उशिरा काळानिळा होतो. एका फोटोत चेहरा आणि जखम दोन्ही दिसावीत, एका जवळच्या फोटोत शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवावं. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर तो दबतो आणि तारीख-वेळेची आतली माहिती जाते. विश्वासातल्या माणसाला डॉक्युमेंट म्हणून पाठवावा आणि मूळ फोटो फोनमधून काढू नये, कोर्टात तो साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह द्यावा लागतो. हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या बाहेरच्या बाजूचे वळ जरूर दाखवावेत, वार अडवताना हात वर गेला की मार तिथेच बसतो. जावेने त्या रात्री बाईंचा घोगरा आवाज ऐकला होता, तिचाही जबाब मागितला. अकरा वर्षांच्या मुलीला मात्र काहीच पढवू नका, असं बजावलं. पढवलेलं मूल लगेच ओळखू येतं, आणि ते ओझं तिच्यावर का टाकायचं?

पुढे तहसीलदारांकडून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ ची नोटीस दोघांनाही आली, गावभाषेत चॅप्टर. बाई रडायलाच लागल्या. शांतता राखण्याचं हमीपत्र म्हणजे शिक्षा नव्हे, पण गैरहजर राहणं महागात पडतं. त्या हजर राहिल्या आणि आपलं म्हणणं लेखी दिलं.

पुरुषही मार खातात, हे इथेच सांगायला हवं. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात दाद फक्त स्त्रीला मागता येते, पण दुखापतीची कलमं पुरुषालाही लागू आहेत आणि हिंदू विवाह कायद्यात क्रूरतेवरून घटस्फोट त्यालाही मागता येतो. चावडीवर त्याला हसतात म्हणून तो बोलत नाही. त्यालाही तेच तीन प्रश्न विचारायचे, त्याचीही एमएलसी करायची. प्रश्न सारखे ठेवले की खरा मार खाणारा कोण ते कळतं, मग तो बाई असो वा बाप्या.

घरी परत जाण्याआधी बाईंबरोबर सुरक्षेचा आराखडा केला. आवाज चढला की स्वयंपाकघर आणि मोरी सोडायची: एकीकडे सुरी आणि गॅस, दुसरीकडे ओली फरशी. दाराच्या बाजूला सरकायचं. पुन्हा गळ्याला हात गेला तर हनुवटी छातीशी दाबायची, दोन्ही हातांनी त्याचा एक अंगठा धरून बाहेर ओढायचा आणि सुटताच पळायचं. उशाखाली विळा-कोयता ठेवायचा नाही. तो हिसकावला जातो, आणि तयारीने मारलं असा अर्थही निघतो. आधार, रेशनकार्ड, मुलांचे दाखले, पासबुक, दागिन्यांच्या पावत्या, औषधं आणि थोडे पैसे यांची पिशवी जावेकडे. मुलांनी मध्ये पडायचं नाही, धावत जाऊन जावेला ठरलेला शब्द सांगायचा. ११२ ला फोन केला तर मदत येतेच, शिवाय त्या वेळेची नोंदही राहते. महिलांसाठी १८१ आहे.

तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे घरगुती घटना अहवाल भरला आणि तालुका विधी सेवा समितीकडून वकील मिळाला. स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम १२ चा अर्ज ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून त्याच दिवशी कलम २३ खाली अंतरिम आदेशाचा अर्ज शपथपत्रासह जोडला. नवऱ्याच्या वकिलाने अपेक्षेप्रमाणे एनसी पुढे केली. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, असंही म्हटलं. तेवढ्यावरून सुनेला बाहेर काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलेलं आहे. एनसीपुढे एमएलसी, पुरवणी जबाब आणि जावेचा जबाब उभे होते. दोन महिन्यांनी संरक्षणाचा आणि घरात राहण्याचा अंतरिम आदेश झाला, मुलांच्या खर्चासह. नवऱ्याने त्यानंतर हात लावलेला नाही, पण शेडच्या वाटेवर गाडी आडवी लावून थांबतो. आदेशात पाठलागाची मनाई आहे. आदेश मोडला तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आदेशाची प्रमाणित प्रत ठाण्यात दिलेली आहे, एक बाईंच्या पिशवीत असते, आणि गाडी दिसली त्या प्रत्येक दिवसाची तारीख-वेळ बाई मुलीच्या जुन्या वहीत लिहून ठेवतात.